पन्हाळा सरकवणारा चनबसाप्पा

कोल्हापुरात कुणालाही विचारा, दिवस कुठं मावळतो? शंभरातले नव्वद जण हात लांब करून सांगतील, पन्हाळ्यामागं. मी पण सत्तर वर्षं तेच सांगत आलो. मला माझ्या आज्ज्यानं सांगितलं, मी पोरांना सांगितलं, पोरांनी नातवंडांना. ते चूक आहे हे आमच्या चनबसाप्पानं गेल्या वर्षी शोधून काढलं. नुसतं शोधून गप बसला असता तर मी एवढं लिहीत बसलो नसतो. पुढं त्यानं जे केलं ते मी दारात उभा राहून पाहिलंय, आणि तेव्हापासनं माझी छाती जी फुगलीय ती अजून खाली आलेली नाही.

आधी ठिकाण सांगतो. रंकाळ्याच्या अंगाला आमचं तारांगण आहे. चाळीस वर्षांपूर्वी गावातल्या हौशी मंडळींनी ट्रस्ट करून बांधलं. बाहेरनं बघितलं तर पालथी घातलेली कढई. आत एकशेवीस खुर्च्या, वर पांढरा घुमट आणि मधोमध तारे दाखवायचं यंत्र. दोन टोकांना दोन गोल डोकी आणि खाली बारीक पाय, म्हणून आम्ही त्याला मुंगळा म्हणतो. मी तिथला दारवान, सयाजी. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. पण खेळ सुरू झाला की दार लावून मी आतच उभा राहायचो, त्यामुळं आकाश मला अख्खं पाठ आहे.

सुरुवातीला खेड्यातल्या शाळांच्या सहली यायच्या, तेव्हा पोरं दाराबाहेर चपला काढायची. घुमट दिसला की त्यांना देऊळच वाटायचं. मी कधी घाला म्हटलं नाही. आत माती कमी यायची. एक म्हातारबाबा तर नारळ घेऊन आलते. मुंगळ्यापुढं फोडू का म्हणाले. मुंगळा चालवणारा चनबसाप्पा म्हणाला, "फोडा की, पर भाईर. आत पाणी सांडलं तर शनी बंद पडंल." नारळ पायरीवर फोडला आणि खोबरं त्या दिवशीच्या सगळ्या सहलीला वाटलं.

तर हा चनबसाप्पा. गडहिंग्लजच्या पुढं, हद्दीवरच्या खेड्यातला. घरात कानडी, शाळेत मराठी. वडील आठवडी बाजारात मिरचीचा व्यापार करायचे. थोरल्या लेकानं गादीवर बसायचं असं ठरलेलं, पण याला मिरचीच्या पोत्याजवळ नेलं की शिंका सुरू. एकदा गिऱ्हाईक मोजून थकलं, एकवीस शिंका. वडील म्हणाले, तू व्यापार करणार नाहीस, तू आमचं गिऱ्हाईक पळवणार. असा तो कोल्हापुरात आला आणि उद्यमनगरात एका शेडमध्ये लेथवर उभा राहिला. लोखंडाचा त्याला कधी त्रास झाला नाही.

तारांगण सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, मुंगळ्याचं एक पितळी दातेरी चक्र झिजलं. परदेशातनं मागवायचं तर वर्षभर दार बंद. कुणीतरी म्हणालं, उद्यमनगरात काय होत नाही? चनबसाप्पा तेव्हा सत्तावीस वर्षांचा. चक्र घेऊन गेला, चार दिवसांत नवं करून आणलं. बसवलं, मुंगळा फिरला, सगळ्यांनी पाठ थोपटली. हा मात्र घरी जाईना. पंचांग मागून घेतलं आणि तीन दिवस घुमटाखाली मान वर करून बसला. चौथ्या दिवशी म्हणाला, "मंगळ पुढं पळतोय. माझा एक दात कमी पडलाय." कुणाला कळलंही नसतं. त्यानं ते चक्र काढून नेलं आणि दुसरं करून आणलं. ट्रस्टनं त्याला त्याच आठवड्यात यंत्र चालवायला ठेवून घेतलं.

पुढं आकाश समजावून सांगणारे मास्तर पुण्याला गेले आणि माईकही याच्याच हातात आला. त्याची मराठी कानडी वळणाची. शहरातली काही शहाणी माणसं नाक मुरडायची. पण खेड्यातली पोरं त्याच्यापुढं तोंड उघडायची. "पावणं, मान वर करा. पायाकडं बघून आकाश दिसत न्हाय." असं म्हणून तो खेळ सुरू करायचा. चंदगडच्या पोरांना म्हणायचा, "तुमच्यात चार म्हैनं आभाळ झाकलेलं असतंय, आज सगळं उधारीवर बघून घ्या." इचलकरंजीचा एक मागवाला होता. रातपाळी करून दर गुरुवारी यायचा, तिकीट काढायचा आणि खुर्चीत गाढ झोपायचा. यंत्रमागांच्या खडखडाटातनं सुटका म्हणून त्याला आमचा अंधार आवडायचा. मी उठवायला गेलो तर चनबसाप्पा म्हणाला, "ऱ्हाऊ दे मामा, कान जागं असत्यात." वर्षानं तो मागवाला आपल्या लेकीला घेऊन आला आणि खेळ सुरू व्हायच्या आधी तिला कृत्तिका, मृग, व्याध असं ओळीनं सांगत बसला. झोपेत शिकलेला माणूस मी तो एकच पाहिला.

आता पन्हाळ्याकडं येतो. घुमटाच्या कडेनं, जिथं आकाश जमिनीला टेकतं, तिथं आमच्याकडं सगळं कोल्हापूर कापलेल्या प्लायवूडवर रंगवून उभं केलंय. देवळाची शिखरं, गिरणीची चिमणी, जोतिबाचा डोंगर. रंगवलं केरबा पेंटरनं. तो सिनेमाचे बोर्ड रंगवायचा, त्यामुळं त्याला लहान काही काढताच यायचं नाही. पन्हाळा त्यानं असा काढला की जणू पडद्यावर हिरो आलाय. आणि ठेवला कुठं, तर बरोब्बर पश्चिमेला. दिवस पन्हाळ्यामागं मावळतो हे सगळ्यांना माहीतच होतं, मोजायचं कशाला? खेळ नेहमी एकवीस मार्चच्या संध्याकाळी लावलेला असायचा. सूर्य तांबडा होत खाली यायचा, पन्हाळ्याच्या बरोबर मधे बुडायचा, आणि पोरं टाळ्या वाजवायची. अडतीस वर्षं. त्या टाळीवर चनबसाप्पाचा जीव होता. ती वाजल्याशिवाय तो पहिला तारा लावायचा नाही.

गेल्या वर्षी मार्चात महिला दिनाला कोल्हापूरच्या पश्चिमेच्या, कळ्याकडच्या एका वाडीतल्या बचत गटाच्या बायका आल्या. सूर्य खाली आला, पन्हाळ्यामागं गेला, टाळ्या सुरू झाल्या आणि त्यातनं एक खणखणीत आवाज आला, "ओ भाऊ, पन्हाळा तकडं कसा काय?"

चनबसाप्पानं माईकवरनंच विचारलं, "मग कुठं पायजे, आक्का?"

"आमी कळ्याकडनं यष्टीनं आलो. पन्हाळा सगळ्या वाटंनं डाव्या हाताला हुता. आनी आता कोल्हापुरात दिस मावळतोय तो आमच्या वाडीच्या अंगाला. सांच्याला म्हशी घिऊन वळतो की आमी, आमाला म्हाईत न्हाय व्हय?"

सगळ्या बायका हसल्या. शेजारची म्हणाली, "चिमणाबाई, गप की. तिकिटात आलंय तेवढं बघ." चनबसाप्पा पण हसला, पण पुढं त्यानं व्याध म्हणायच्या जागी अभिजित म्हटलं. त्या दिवशी त्यानं डबा उघडला नाही. जाताना चिमणाबाईंचा फोन नंबर तेवढा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो होकायंत्र घेऊन गच्चीवर चढला. सुई एकदा इकडं, एकदा तिकडं. घुमटाच्या लोखंडी फासळ्या तिला ओढत होत्या. मग त्यानं लेथवर पितळेची एक सळी केली, ओळंब्यात उभी केली, भोवती गोल आखला. सकाळी सावली गोलाला शिवली तिथं खूण, दुपारनंतर परत शिवली तिथं खूण, दोन्ही खुणा जोडल्या की सरळ पूर्व-पश्चिम. शाळेत मास्तर हे शिकवतात, पण केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्या रेषेवरनं त्यानं पन्हाळा मोजला. पश्चिमेपासनं उजवीकडं, म्हणजे उत्तरेकडं, एकोणचाळीस अंश.

"मामा," तो म्हणाला, "केरबानं रंगवला तितं पन्हाळा न्हाईच."

मी म्हणालो, "मार्चात नसंल. उन्हाळ्यात दिस तकडं सरकतोय की. जूनमदी पोचत असंल."

"मग बघू या," म्हणाला, आणि त्या दिवसापासनं दर रविवारी संध्याकाळी सूर्य बुडाला की सळीवरनं त्याच्या सरळ रेषेत कठड्यावर एक खिळा. मी, तो, आणि डब्यात चिवडा. पहिल्या खिळ्यांत ऐसपैस अंतर होतं. एप्रिल सरला तसे खिळे जवळ येऊ लागले. मे संपताना दोन खिळ्यांत जेमतेम बोटभर जागा. सूर्य पन्हाळ्याकडं निघालेला, पण स्टँड आलं की यष्टी जशी रेंगाळते तसा रेंगाळत होता. आणि पन्हाळा अजून लांब होता.

तेव्हा चनबसाप्पाला उमगलं. मला म्हणाला, "मामा, आपली मान्सं का चुकली सांगू? मेअखेर दिस पन्हाळ्याच्या दिशेनं चाललेला आपन बघतोय. मग मृग लागतोय, ढग येत्यात, सूर्य दिसंना हुतो. ढग फाकतात तवा तो परत डावीकडं आलेला असतोय. मधल्या काळात तो पन्हाळ्याला जाऊन आला असं आपनच ठरवून टाकलं." मला माझ्या आज्ज्याची आठवण आली. त्यानं कधी जूनमधला मावळता सूर्य बघितला असेल? शेतात चिखल, डोक्यावर इरलं, कोण बघणार?

आता खरी अडचण सांगतो. तारांगणाची डागडुजी चालली होती, जून अखेरीला परत उघडायचं होतं. आणि तीस जूनला चनबसाप्पाची वाढवून दिलेली नोकरीही संपत होती. त्याला शेवटचा खेळ खऱ्या आकाशाचा करायचा होता. पन्हाळा त्याच्या जागी न्यायचा आणि लोकांना सांगायचं. यासाठी ट्रस्टचे सेक्रेटरी आण्णा यांची सही पाहिजे. आण्णा तालमीत वाढलेले. चांगला माणूस, पण पन्हाळ्याचं नाव निघालं की उभे राहतात.

"पन्हाळा हलवायचा?" आण्णा म्हणाले. "अरं चनबसाप्पा, ज्यांनी हलवायला फौजा आणल्या त्यांना हलवता आला न्हाय, आनी तू खिळ्यानं हलवणार?"

"आण्णा, पन्हाळा हाय तितंच हाय. आपला प्लायवूड चुकलाय."

नव्या आलेल्या विज्ञान अधिकारी अनुजा मॅडम तिथंच होत्या. त्यांनी कॉम्प्युटरवर दाखवलं, कोल्हापुरातनं बघितलं तर मावळता सूर्य पश्चिमेपासनं जास्तीत जास्त साडेचोवीस अंश उत्तरेला जातो, पुढं नाही. आण्णा म्हणाले, "मॅडम, कॉम्प्युटर कोल्हापूरचा न्हाय."

चनबसाप्पानं त्यांना गच्चीवर नेऊन खिळे दाखवले. आण्णांनी कमरेवर हात ठेवून ते बघितले आणि म्हणाले, "गाडी घाटात हळू होती, म्हणून काय थांबती व्हय? डोळ्यानं दाखव. जूनमदी दिस पन्हाळ्याच्या अलीकडं बुडताना मला दाखव, मी सही करतो. न्हाय दिसला, तर केरबाचा पन्हाळा हाय तितं ऱ्हानार, आनी तू गपगुमान खेळ करायचा."

चनबसाप्पा म्हणाला, "हौदु." त्याच्या भाषेत हो.

कोल्हापूरच्या जूनमध्ये मावळता सूर्य दाखवायचा म्हणजे मांजराला पाण्यात बसवायचं. आठ तारखेपासनं आभाळ जे मिटलं ते मिटलंच. रोज साडेसहाला आम्ही दोघं छत्री घेऊन गच्चीवर, साडेसातला खाली. त्याची बायको रुद्राणी एक दिवस डबा घेऊन आली आणि मला म्हणाली, "मामा, लग्नात अक्षता पडताना सुद्धा हे इतका वेळ उभं न्हवतं." वीस तारीख गेली, एकवीस गेली. बावीसला चनबसाप्पानं चिमणाबाईंना फोन लावला.

"आक्का, तुमी म्हनालावता पन्हाळा तकडं कसा. तुमचंच बरोबर हाय. पर मला सूर्य पायजे."

पलीकडनं आवाज असा की मला पण ऐकू आला. "माझ्याकडं कुठला सूर्य? इथं म्हशीच्या पाठीवर शेवाळ यायची पाळी आलीया."

"ढग तुमच्याकडनंच आमच्याकडं येत्यात. तुमच्यात फाकलं की अर्ध्या-पाऊन तासात आमच्यात फाकतंय. फाकलं की फोन करशीला?"

"करते की. ढग राखायचं काम बरं हाय, म्हशीपेक्षा सोपं."

सव्वीस तारखेला सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. "भाऊ, फाकलं. चांगली खळ्याएवढी भेग हाय. तुमच्याकडंच निघालीया." मी आण्णांच्या घराकडं रिक्षा पळवली. आण्णा चहा पीत होते, कपासकट बसवले. अनुजा मॅडम आधीच वर होत्या. पश्चिमेला सगळं काळं, पावणेसात झाले, सात वाजायला आले. आण्णा म्हणाले, "चनबसाप्पा, चहा निवला." चनबसाप्पा कठड्याला धरून उभा होता.

सात वाजून दोन मिनिटांनी खालच्या कडेला एक पिवळी पट्टी दिसली. ढग वर उचलला गेला, पडदा वर जातो तसा. आधी उजवीकडं पन्हाळा सुटा झाला, पावसानं धुतलेला, असा स्पष्ट की हात लावावा. मग ढगाच्या खालनं सूर्य आला, मोठा आणि तांबडा. पन्हाळ्याच्या कितीतरी डावीकडं.

अनुजा मॅडम म्हणाल्या, "आण्णा, हात सरळ लांब करा आणि मूठ वळा. एक मूठ म्हणजे दहा अंश." आण्णांनी कप माझ्या हातात दिला आणि मूठ सूर्याशेजारी धरली. मग तिच्यापुढं दुसरी. दुसरी अर्धी झाली तेव्हा पन्हाळा लागला. दीड मूठ. ते तसेच हात लांब करून उभे राहिले आणि सूर्य त्यांच्या मुठीच्या डाव्या बाजूला बुडून गेला. जेमतेम चार मिनिटांचा कारभार.

आण्णांनी हात खाली घेतले. माझ्याकडनं कप परत घेतला. मग म्हणाले, "माझ्या बापानं मला खांद्यावर घेऊन दाखवलंवतं रं."

"मलाबी," चनबसाप्पा म्हणाला. "म्हंजे बापानं न्हाय. केरबानं."

"कागद आन. सही करतो. पर नवा पन्हाळा करायचा न्हाय. केरबाचाच न्यायचा. आनी गुपचूप न्यायचा, लोकान्ला सांगत बसू नको. अडतीस वर्षं चुकीचं दाखवलं म्हटल्यावर तारांगणाची काय अब्रू ऱ्हानार?"

चनबसाप्पानं कागद आणून सही घेतली आणि मान वर करून पन्हाळ्याकडं बघत बसला. त्याचं ते मान वर करून बसणं मी ओळखतो. मंगळाच्या वेळी तो असाच बसला होता.

दोन दिवस लागले. केरबाच्या प्लायवूडला मागनं आडव्या पट्ट्या मारल्या, आम्ही चौघांनी उचलला आणि एकोणचाळीस अंश उजवीकडं नेऊन ठेवला. जुन्या जागी भिंतीवर पन्हाळ्याच्या आकाराचा स्वच्छ डाग राहिला. तिथं काय लावायचं? चनबसाप्पानं स्वतः ब्रश घेऊन एक सपाट टेकडी काढली, चार झाडं, एक कौलारू घर आणि दारात काळा ठिपका. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "कळ्याकडची वाडी. ती म्हस."

तीस जूनला संध्याकाळी खेळ भरला. पहिल्या रांगेत चिमणाबाईंचा गट, मागं शाळांची पोरं, मास्तर, पालक. आण्णा दारात माझ्या शेजारी उभे. चनबसाप्पानं माईक हातात घेतला. नेहमीचं मान वर करा त्यानं म्हटलं नाही.

"पावणं," तो म्हणाला, "आधी एक सांगायचं हाय. मी हितं अडतीस वर्षं सूर्य पन्हाळ्यामागं बुडवला. तुमच्यातल्या कैकांच्या आईबापान्ला तसंच दाखवलं. ते चुकीचं हुतं. मी मोजलं न्हवतं. सगळी म्हनतात म्हणून मीबी म्हनलो. मोजायला लावलं या पहिल्या रांगेतल्या आक्कांनी. आज बरोबर दाखवतो."

आण्णांनी डोळे मिटले. मला वाटलं आता बाहेर जातील.

दिवे मंद झाले. आकाश नेहमीसारखंच एकवीस मार्चचं लावलेलं. सूर्य खाली आला, तांबडा झाला. पन्हाळा उजवीकडं, आपल्या जागी, जसा असतो तसा. सूर्य सपाट टेकडीवर टेकला, त्या घराच्या मागं गेला आणि बुडाला. टाळी वाजली नाही. लोकांना कळेना, अजून काही व्हायचंय का. मुंगळ्याच्या छोट्या दिव्यात मला चनबसाप्पाचा हात दिसत होता, बटनावर ठेवलेला, हलत नव्हता. टाळीशिवाय त्याला पहिला तारा लावता येत नव्हता.

मग तो आवाज आला. "आता बराबर हाय." आणि चिमणाबाईंनी टाळी वाजवली. पाठोपाठ त्यांचा गट, मग पोरं, मग सगळा घुमट. माझ्या शेजारी आण्णा वाजवत होते, तालमीत वाजवतात तशी, हात दुखेपर्यंत. चनबसाप्पानं बटन दाबलं आणि शुक्र लागला.

खेळानंतर एक मास्तर त्याच्याकडं आले. "मीच आता तीस वर्षं पोरांना पन्हाळा पश्चिमेला शिकवतोय," म्हणाले, "काय करू?" चनबसाप्पा म्हणाला, "पोरान्ला घिऊन या. सळीचा गोल दाखवतो. मी तुमाला शिकवत न्हाय, तुमी त्यास्नी शिकवा."

नोकरी त्या दिवशी संपली, तो मात्र रोज येतो. रविवारी संध्याकाळी गच्चीवर असतोच. जायच्या आधी त्यानं दारावर एक पाटी लावली, स्वतःच्या अक्षरात. शहरातले मोठे लोक, शाळेची पोरं, परगावचे पाहुणे सगळे ती वाचतात, काही हसतात, काही वाद घालतात आणि मग मीच त्यांना जिन्यानं वर घेऊन जातो. गुडघे दुखतात, पण अभिमानानं जातो. पाटीवर एवढंच लिहिलंय:

"पन्हाळा सरकवला आहे. शंका असल्यास गच्चीवर या."